बारावं फूल

१

मे महिन्यात तेक्लाचा दिवस झेनोनच्या औषधांवर चालायला लागला. सातला गोळी, आठला दुधातली रव्याची पातळ खीर, दहाला उशा बदलायच्या, बाराला दुसरी गोळी. मधे जो काही वेळ उरेल तेवढ्यात ती पलीकडच्या खोलीत जाऊन काम करायची. दोन्ही खोल्यांची दारं समोरासमोर, मधे चार पावलांचा पॅसेज. दारं उघडी ठेवली की पलंगावरून झेनोनला तिची पाठ दिसायची आणि तिला त्याचा आवाज यायचा. तो मात्र भरपूर यायचा.

"म्हातारे! चहा देतेस, की आता थेट कबरीवरच भेटायचं?"

"ओरडू नकोस. हातात स्पिरिट आहे माझ्या."

"मग तेच दे थोडं. डॉक्टरांनी दारू बंद केलीय, स्पिरिटचं काही बोलले नाहीत."

झेनोननं अडतीस वर्षं पोलंडमधल्या प्शेमिशल स्टेशनच्या सिग्नल केबिनमध्ये काढली होती. तेक्ला जुनी तैलचित्रं साफ करायची, आधी म्युझियममध्ये आणि निवृत्त झाल्यावर घरी. मूलबाळ नाही. एकमेकांना टोमणे मारता मारता त्रेचाळीस वर्षं निघून गेली होती आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. मग स्वादुपिंडाचं निघालं. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, पसरलंय, महिना, फार तर दीड. तिनं मान हलवली, घरी आली आणि त्याचे हिवाळी बूट पॉलिश करत बसली. ऐन मे महिन्यात! तिला ते बूट डिसेंबरात त्याच्या पायात हवे होते, बस्स. त्याच्याशिवाय जगायचं कसं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि शिकायचंही नव्हतं.

तो अजून हॉस्पिटलमध्ये होता तेव्हाच एक चित्र घरात आलं. चित्राच्या मालकीण सेवेरिनाबाई स्वतः घेऊन आल्या, चादरीत गुंडाळून. वय वर्षं पंचाण्णव. तीन जिने चढून आल्या आणि त्यांना दम लागलेला नव्हता.

"अहो, फोन केला असतात तर मी आले असते की," तेक्ला म्हणाली.

"मला काही होत नाही हो," सेवेरिनाबाई म्हणाल्या. बोलण्यात फुशारकी नव्हती. गुडघेदुखीची तक्रार सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं.

चित्रात मातीच्या सुरईत पिओनीची फुलं होती. दाट पाकळ्यांची, जड मानेची, गुलाबी आणि लाल. मागं काळपट तपकिरी अंधार. कोपऱ्यात 'मिखालिना' अशी सही आणि साल एकोणीसशे एकोणतीस.

"माझ्या आईनं काढलंय. मी सहा वर्षांची होते, आजारी होते," सेवेरिनाबाई म्हणाल्या. "वॉर्निश काढा. आणि त्याखाली नंतर चढवलेलं जे असेल ते सगळं काढा. आईनं चढवलेलं असलं तरीसुद्धा."

"चित्रकारानं स्वतःच दुरुस्ती केली असेल तर ती ठेवायची असते. आमचा नियम आहे तसा."

"नियम तुमच्याकडून मी मोडवून घेतेय. पाप मला लागू दे."

तेक्लानं चित्र ठेवून घेतलं. घरी बसून करता येईल असं काम तिला हवंच होतं, नवरा घरी यायचा होता. पण हे तिनं सांगितलं नाही. घरातलं दुखणं गिऱ्हाइकाला ऐकवायची तिची रीत नव्हती.

२

झेनोन घरी आल्यावर चौथ्या दिवशी तिनं काम सुरू केलं. भर दुपारी पडदे ओढून घेतले आणि जांभळा दिवा लावला. त्या उजेडात जुनं वॉर्निश हिरवट दुधी चमकतं आणि कोणी नंतर रंग चढवला असेल तर तिथं शाई सांडल्यासारखा काळा डाग दिसतो. डाग होता. उजवीकडे, सुरईच्या कडेला, तळहाताएवढा.

"फुलं किती आहेत गं?" झेनोननं तिकडून विचारलं. समोरून जाणारं काहीही मोजायची त्याला खोड होती. डबे मोजल्याशिवाय त्यानं कधी गाडी पुढं सोडली नव्हती.

"अकरा."

"बरोबर. सभ्य बाई होती."

आमच्याकडे जित्या माणसाला फुलं द्यायची ती विषम. तीन, पाच, अकरा. सम फुलं शवपेटीवर आणि कबरीवर. बाजारात फुलवालीकडे चार मागितली तर ती आधी तुमच्याकडे बघते आणि आवाज खाली आणून विचारते, कोण गेलं? लहान पोरांनाही हे सांगावं लागत नाही.

काडीला कापूस गुंडाळायचा, तो भिजवायचा, नखाएवढ्या जागेवर फिरवायचा, टाकून द्यायचा, नवा गुंडाळायचा. तीन दिवस तिनं तेच केलं. वॉर्निश गेलं, गुलाबी उजळलं. मग तिनं त्या डागावर कापूस धरला. तपकिरी रंग सुटायला लागला आणि खालून लाल वर आलं. गडद, काळ्याकडे झुकणारं लाल. संध्याकाळी सहाच्या सुमाराला कोपऱ्यावरच्या देवमातेच्या देवळीपाशी बायका मे महिन्याची भजनं म्हणायला जमल्या, तोवर ते फूल पुरं उघडं झालं होतं.

तिनं मोजली. बारा. परत मोजली, पेन्सिलीच्या टोकानं एकेकाला दाखवत. बाराच.

आता ती काही खुळी बाई नव्हती. थडग्यांवरची चित्रं, मेलेल्या बिशपांची चित्रं, असली कितीतरी तिनं जेवता जेवता साफ केली होती. तिला हसूच आलं. मग तिनं बोट जपून त्या लालवर टेकवलं, रंग कुठं सुटतोय का ते बघायला. बोट उचललं तर बोटाला लाल लागलं होतं.

नव्वद वर्षांचा तेलरंग दगड झालेला असतो. सुई टोचली तरी आत जात नाही. स्पिरिटनं मऊ पडला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण फुलावर तिनं स्पिरिट जाऊ दिलं नव्हतं, आणि बोटाला स्पिरिटचा वास नव्हताच. जवसाच्या तेलाचा होता, ताज्या. कोणीतरी आत्ता ब्रश खाली ठेवून उठून गेलं असावं तसा.

"झालं का? किती निघाली?" झेनोन.

तिनं घसा खाकरला. "अकराच."

३

त्या दिवसापासून झेनोन उतरणीला लागला. आधी खीर नको झाली, मग चहा. शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची घरी येऊन देखभाल करणारी हॉस्पिसची नर्स दोब्रावा एक दिवसाआड यायची. आडव्या बांध्याची, मोठ्यानं बोलणारी, हसरी बाई. त्या शुक्रवारी ती हसली नाही. पॅसेजमध्ये येऊन म्हणाली, "कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या, तेक्लाबाई. दोन दिवस, तीन दिवस."

"डॉक्टर दीड महिना म्हणाले होते!"

"डॉक्टर म्हणतात हो."

तेक्ला त्याच्या पलंगाशी बसून राहिली. दुपार होती. तो झोपला होता, घर शांत होतं, आणि पलीकडच्या खोलीत काहीतरी पडलं.

मोठा आवाज नव्हता. मऊ, भरघोस, एकदम पडल्यासारखा. तिला तो आवाज ओळखीचा होता. पिओनी एकेक पाकळी गाळत बसत नाही. दोन दिवस भरात राहते आणि मग सगळ्या पाकळ्या एकदम टेबलावर ओतते. लहानपणी आजोळी जेवणाच्या टेबलावर असा आवाज आला की तिची मावशी म्हणायची, गेली बिचारी.

पण तेक्लाच्या घरात फुलं नव्हती. झेनोनला वास सहन होत नाही म्हणून तो घरी आल्यापासून तिनं एक फूल आणलं नव्हतं.

ती उठून बघून आली. जमीन स्वच्छ. चित्र ईझलवर होतं तसं. परत येऊन बसली. थोड्या वेळानं पुन्हा तो आवाज आला, आणि त्याच वेळी झेनोनचा श्वास अडकला. ती मोजत राहिली. सहा, सात, आठ. नवव्या आकड्याला त्याची छाती पुन्हा हलली.

पाचव्यांदा तसं झालं तेव्हा तिनं फोन उचलला.

४

सेवेरिनाबाईंचा आवाज बारीक झाला होता, पण त्यात आनंद होता. अगदी उघड आनंद.

"उघडलंत ना? मंगळवारी संध्याकाळी. मला कळलं हो. पायांत मुंग्या आल्या, मग पायच हलके झाले. तेव्हापासून पडून आहे. अन्न नको वाटतंय. किती वर्षांनी काहीतरी नको वाटतंय!"

"तुमच्या आईनं ते फूल झाकलं होतं," तेक्ला म्हणाली.

"डॉक्टर म्हणाले होते, सकाळपर्यंतही टिकायची नाही. आईनं रात्रीत चित्र काढलं, माझ्या पेटीवर ठेवायला. बारा फुलं. आणि मग तिच्यानं बघवेना. झाकलं एक. वाचले मी. नवरा पुरला मी. मुलगा पुरला. नात पुरली, चौतीस वर्षांची होती. सगळ्यांच्या मातीला जाऊन आले, स्वतःच्या पायांनी चालत. आईनं सोडलंच नाही हो मला. आणि मला कोणी विचारलंही नाही."

"माझा नवरा आजारी आहे," तेक्ला म्हणाली. "इथंच आहे. चित्राच्या समोरच्या खोलीत."

पलीकडे पलंग करकरला, बाई उठून बसल्या असाव्यात.

"अगं बाई गं," सेवेरिनाबाई म्हणाल्या. "मला काय माहीत. म्हटलं, एकट्या राहता. बोलायचं नाही का काही!"

"आता काय करू?"

"झाका मग. मी थांबेन. मला सवय आहे." आवाज पुन्हा आधीसारखा झाला होता, कंटाळलेला, ठणठणीत. "पण झाकायच्या आधी त्यांना विचारा. एवढं कराच, तेक्लाबाई. विचारा त्यांना."

तेक्लानं फोन ठेवला. दारातून बघितलं. झेनोन डोळे मिटून पडला होता, गालफडं बसलेली, ओठांना भेगा. विचारलं असतं तर त्यानं काय उत्तर दिलं असतं हे तिला नीट ठाऊक होतं. म्हणून तिनं विचारलं नाही.

तिनं पलीकडे जाऊन फुलावर पातळ वॉर्निशचा थर दिला आणि त्यावर दुरुस्तीचा रंग चढवायला घेतला. काळपट तपकिरी, मागच्या अंधाराचा. तिच्या धंद्यात वरचा प्रत्येक थर पुन्हा काढता येईल असाच चढवायचा असतो, आणि हात आपोआप तसेच चालले. पाऊण तासात फूल गेलं. अकरा उरली. तिनं ब्रश धुतला, आणि तिकडून आवाज आला.

"म्हातारे! बिटाचं सार आहे का गं?"

ती पॅसेजमध्येच भिंतीला टेकून रडली. मग डोळे पुसून सार गरम करायला गेली.

५

सार त्यानं चार चमचे घेतलं. तेवढंच. त्यानंतर त्याच्या पोटात काही गेलं नाही.

पण तो गेला नाही. जून उजाडला. शनिवार गेला, रविवार गेला. दोब्रावा यायची, नाडी बघायची, घड्याळाकडे बघायची, पुन्हा नाडी बघायची. दुखणं मात्र थांबलं नव्हतं, ते आपलं पुढं पुढं जात होतं. हाडांत गेलं. मॉर्फिनची एक पट्टी होती, तिच्या दोन झाल्या, मग तीन. कूस बदलली की तो असा ओरडायचा की खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन उभी राहायची.

"नऊ दिवस पाण्याचा थेंब नाही," दोब्रावा एकदा हलक्या आवाजात म्हणाली. "बावीस वर्षं मी हेच काम करते. हे असं नसतं, तेक्लाबाई. हृदय चालू आहे. का चालू आहे ते मला विचारू नका."

दोब्रावा हल्ली त्याच्याजवळ जास्त वेळ थांबत नसे. पट्टी लावायची आणि हात पुसत निघायची. तेक्लाला तिचा राग आला, आणि मग कळलं की ती घाबरते. झेनोनला घाबरते. हॉस्पिसची नर्स!

पाकळ्यांचा आवाज बंद झाला होता. त्याऐवजी आता पलीकडच्या खोलीत ताण पडल्यासारखी बारीक कुरकुर असायची, ओल्या दोरीला पीळ दिला की येते तशी. लाकडी चौकट उन्हाळ्यात आवळते, तिचा आवाज असेल. तेक्लानं दार लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या खोलीचं दार तिनं दिवसाढवळ्या लावलं.

झेनोनला शुद्ध आली की तो एकच गोष्ट विचारायचा. "किती?"

"अकरा," ती घसा खाकरून म्हणायची.

तो तिच्याकडे बघत राहायचा. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

६

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, एका स्वच्छ सकाळी, तो अगदी नीट बोलला.

"तेक्ला. बस इथं. आता मला सांग. आउटरला गाडी उभी आहे. तीन आठवडे. आत घेत नाहीत, मागं पाठवत नाहीत. इंजिन तापतंय. सिग्नल लाल कोणी धरून ठेवलाय?"

तिनं त्याची चादर सरळ केली.

"मी अडतीस वर्षं केबिनमध्ये होतो गं. मला कळतं, आपोआप लाल राहिलेला सिग्नल कुठला आणि कोणी धरून ठेवलेला कुठला."

"मी," ती म्हणाली.

"मला विचारायचंस तरी."

"तू नको म्हणाला असतास."

"हो."

"म्हणून नाही विचारलं. मला तू हवा होतास. असाही चालला असतास. पडून राहिला असतास, शिव्या घातल्या असत्यास, चाललं असतं मला!"

"तुला चाललं असतं," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले, कारण कळ आली होती. ती कळ ओसरायला फार वेळ लागला. तेक्ला त्याच्याकडे बघत होती आणि त्या वेळात तिला पुरतं दिसलं, आपण काय केलंय ते. तिला स्वतःची लाज वाटली, आणि तरीही जागचं उठवेना. शेवटी ती उठली.

कामाच्या खोलीत जवसाच्या तेलाचा वास दाटला होता. तिनं पडदे पूर्ण उघडले. काडीला कापूस गुंडाळला, भिजवला, डागावर फिरवला. तिचा रंग लगेच सुटला, तो तसाच चढवलेला होता. तपकिरी गेलं. फूल वर आलं, पहिल्यापेक्षा उमललेलं, आतला पिवळा गाभा दिसेल इतकं. अजून ओलं.

आणि देठावर काहीतरी फिकट होतं. पान असेल म्हणून तिनं चष्मा लावून जवळ जाऊन बघितलं.

बोटं होती. अंधारातून आलेली, मनगट नसलेली पाच बोटं, देठ मुठीत घट्ट आवळलेला. पेरं पांढरी पडली होती. बाईची बोटं, म्हातारी, नखं आखूड कापलेली, नखांच्या कडांना रंग. तिनं हे काढलं नव्हतं. तिनं फक्त अंधार रंगवला होता. ती बघत राहिली, आणि मग तिला आपल्या डाव्या हाताकडे बघवेना.

तिच्या धंद्यात एक साधी ओळख असते. कापसावर येतं ते नंतरचं, खाली राहतं ते मूळचं. तिनं नवा कापूस गुंडाळला. करंगळीपासून सुरुवात केली. बोट कापसावर सहज आलं. मग दुसरं. तिनं कोपर टेकून घेतलं आणि पुढचं बोट धरलं. अंगठ्याला सर्वांत जास्त वेळ लागला. तो निघाला तेव्हा ती कुरकुर थांबली, आणि देठाखाली काही नव्हतं, फक्त मिखालिनाबाईंचा जुना अंधार.

हात न धुताच ती झेनोनकडे गेली. त्याचा चेहरा सैलावला होता. कपाळावरची आठी, जी तीन आठवडे झोपेतही गेली नव्हती, ती गेली होती. तिनं त्याचा हात हातात घेतला. पॅसेजमध्ये फोन वाजायला लागला. सेवेरिनाबाईंच्या घरून असणार हे तिला कळलं, आणि ती उठली नाही. फोन बराच वेळ वाजून थांबला.

"किती?" झेनोननं विचारलं. आवाज अगदी खोलातून आला.

या वेळी तिनं घसा खाकरला नाही. "बारा."

"शाबास," तो म्हणाला. थोडा हसलासुद्धा. "खोटं बोलायला तुला कधी जमलंच नाही."

"झेनोन."

"हं. सोड आता."

तिनं खाली बघितलं. तिची बोटं त्याच्या हाताभोवती आवळलेली होती आणि पेरं पांढरी पडली होती. तिनं आधी करंगळी उघडली. तो थांबला होता. तिनं दुसरं बोट उघडलं, मग मधलं. अंगठ्यापर्यंत यायला तिला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ तो तिच्यासाठी थांबला.